स्मायलीमागचा लाल दिवा

तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकूण किती दिवे आहेत? न बघता सांगा. नाही ना आलं? टेन्शन घेऊ नका, मलाही आलं नसतं. मला फक्त एकच दिवा नीट माहीत होता, आणि तोही मी झाकून ठेवला होता.

दिवा लाल. तेलाच्या छोट्या बुधलीसारखा आकार आणि नळीच्या टोकाशी एक थेंब. लहानपणी बाबांच्या शेजारच्या सीटवर बसून मी त्याला 'अल्लादिनचा दिवा' म्हणायचे. बाबा चावी फिरवायचे, दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. मला ती जादू वाटायची.

गाडी म्हणजे आमची जुनी हॅचबॅक. बाबांनी ती २००६ साली घेतली तेव्हा मी तिसरीत होते. सोसायटीत पेढे वाटले होते, चाकांखाली लिंबं ठेवली होती, सगळं साग्रसंगीत. पंधरा वर्षं झाल्यावर बाबांनी आरटीओत खेटे घालून तिचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलं आणि चावी माझ्या हातात दिली. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. म्हणजे ऑफिस नाही, फिक्स पगार नाही, पण डेडलाइन मात्र सगळ्यांच्या. अशा मुलीला फुकटात गाडी मिळणं म्हणजे लॉटरीच की!

तर गेल्या दिवाळीच्या आसपास, पुण्यात एका सिग्नलला उभी असताना, हा अल्लादिनचा दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दाबला, विझला. पुढच्या सिग्नलला पुन्हा. एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अगं, जुन्या गाड्यांचं हे कॉमन आहे. सेन्सर गेला असेल. इग्नोर मार." नेटवर शोधलं, तर तिथेही कोणीतरी हेच म्हटलेलं सापडलं. आपल्याला हवं ते उत्तर शोधलं की सापडतंच. मास कॉमच्या पहिल्या वर्षी आम्हाला सांगितलं होतं, की एका सोर्सवर बातमी करायची नाही आणि आवडलेल्या सोर्सवर तर नाहीच नाही. पण ते बातमीबद्दल होतं ना, गाडीबद्दल थोडंच?

गॅरेजला जायला वेळ नव्हता. म्हणजे, खरं सांगायचं तर, वेळ होता. भीती होती. गॅरेजवाला इंजिन उघडायला सांगेल आणि त्या महिन्याचं भाडं त्यात जाईल, ही भीती. पण रात्री चालवताना तो लाल उजेड डोळ्यांत यायचा. मग एके दिवशी डायरीतला एक पिवळा गोल स्मायली काढला आणि बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवला. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

डिसेंबरात एका वीकेंड पुरवणीसाठी तोरणमाळवर लिहायचं काम मिळालं. सातपुड्यातलं, अकराशे मीटरहून उंचावरचं पठार, वर यशवंत तलाव, कड्यावरून दिसणारी सीताखाई, गोरखनाथांचं देऊळ. पुण्या-मुंबईच्या गर्दीला अजून फारसं ठाऊक नसलेलं. घरी नुसतं नाव काढलं आणि बाबा म्हणाले, "मी येतो." कारण तोरणमाळला जायचं ते शहाद्याहून, आणि बाबांची बँकेतली पहिली नोकरी शहाद्याची. लग्नाआधीची चार वर्षं. आमच्या घरात कोणतीही गोष्ट कधीही शहाद्यावर जाऊन पोचू शकते.

नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा. गाडी झकास पळत होती. सारंगखेड्याला तापीच्या पुलावर बाबांनी काच खाली केली. "आमच्या वेळी हा सगळा धुळे जिल्हा," ते म्हणाले. "नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ च्या १ जुलैला. पण इथल्या घोड्यांच्या बाजाराला जिल्हा कुठला, याच्याशी काय देणंघेणं?" दत्तजयंतीला इथे भरणाऱ्या यात्रेच्या गोष्टी मग थेट शहाद्यापर्यंत पुरल्या.

रात्री शहाद्याच्या लॉजवर आईचा फोन आला. बाबा आंघोळीला गेलेले. आई हळू आवाजात म्हणाली, "त्यांना फार चढायला लावू नकोस हं. ते दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणलंय ना, त्यावर तीनदा एकशे साठच्या वर आलं. आणि ह्यांनी काय केलं माहितेय? मशीनमधले सेल काढून हॉलमधल्या घड्याळात घातले."

बाबा बाहेर आल्यावर मी विचारलं. ते टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "मशीन बोगस आहे ते. ऑनलाइन मागवलेलं. मला काही होत नाहीये. चार मजले चढतो मी रोज." मी म्हटलं, "बरं." आणि फोन चार्जिंगला लावून झोपले. मला सकाळी फोटोंसाठी लवकर उठायचं होतं.

सकाळी शहादा सोडलं. उत्तरेला समोर सातपुडा, धुक्यात निळसर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, पपई आणि ऊस. उसाने लादलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या दिशेने रांगत चालले होते. त्यांच्यामागे रखडत, म्हसावद जवळ येत असताना, उन्हाची तिरीप गेली आणि गाडीत जरा सावली झाली. बाबा वाकून डॅशबोर्डकडे बघायला लागले.

"हे काय चिकटवलंयस?"

"स्मायली आहे बाबा."

"त्याच्या कडेने लाल काय दिसतंय?"

मी काही बोलले नाही. बाबांनी नखाने स्टिकर उचकटला. दिवा लुकलुकत नव्हता. सरळ लागलेला होता.

"गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर. आत्ता."

"बाबा, सेन्सर खराब आहे तो. इंजिनला काही झालेलं नाही."

"कोणी तपासलं?"

एवढे दोनच शब्द. मी गाडी बाजूला घेतली.

नशीब असं, की म्हसावद अगदी तोंडावर होतं. रस्त्याने जाणाऱ्या दोन पोरांनी धक्का मारला आणि आमची स्वारी बंद इंजिनाने एका गॅरेजसमोर येऊन थांबली. गॅरेज ट्रॅक्टरचं. पत्र्याची शेड, एक अर्धवट उघडलेला ट्रॅक्टर, डब्यांत नट-बोल्ट, भिंतीवर हार घातलेला देवाचा फोटो. मिस्त्री साठीचे असावेत. हात पुसत बाहेर आले.

"काय व्हयनं भाऊ?"

अहिराणी ऐकली आणि बाबांचा चेहरा खुलला. "ऑइलना दिवा लागी राह्यना," ते म्हणाले. चार दशकांनंतरही येत होतं त्यांना! मिस्त्री मग बाबांशीच बोलायला लागले. गाडी मी चालवतेय, दिवा माझ्यासमोर लागला, पण प्रश्न सगळे बाबांना. शेवटी बाबाच म्हणाले, "मला काय विचारता? दोन महिने दिवा तिनेच झाकून ठेवलाय." तिथून पुढे मिस्त्री माझ्याशी बोलायला लागले. कौतुकाने नाही, हे सांगायला नको.

"ताई, दिवा लागल्यावर गाडी किती चालवली?"

"पुण्याहून आले," मी म्हणाले. "आणि त्याआधी दोन महिने."

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी आकाशाकडे.

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. इंजिनात ऑइल नुसतं असून भागत नाही. खालच्या टाकीतलं ऑइल पंप वर ढकलतो आणि ते दाबाखाली बेअरिंगपर्यंत पोचतं. फिरणारा क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि सगळा भार त्या पापुद्र्यावर तोललेला असतो. दाब गेला की पापुद्रा गेला. लोखंडावर लोखंड. मग काही मिनिटांतसुद्धा इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून डॅशबोर्डवरच्या दिव्यांत 'आत्ताच्या आत्ता थांब' असं सांगणारा दिवा हा. 'सर्व्हिसिंगच्या वेळी बघू' म्हणणारा नाही.

आणि ज्याला आपण ऐटीत सेन्सर म्हणतो, तो माझ्या जुन्या गाडीत एक साधा स्विच निघाला. इंजिनच्या अंगात आट्यांवर फिरवून बसवलेला, अंगठ्याएवढा, एकच वायर असलेला. आत एक पातळ पडदा असतो. दाब नसतो तेव्हा आतले दोन बिंदू चिकटलेले असतात, वीज इंजिनच्या बॉडीतून अर्थ होते आणि दिवा लागतो. दाब आला की पडदा उचलला जातो, बिंदू सुटतात, दिवा विझतो. माझी लहानपणची जादू ती एवढीच. हा स्विच किती दाब आहे ते सांगत नाही. आहे की नाही, एवढंच सांगतो. सर्वसाधारणपणे ०.२ ते ०.५ किलोच्या आसपास तो हो-नाही करतो. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. गॅरेजमध्ये नुसतं 'किलो' म्हणतात, भाजीसारखं.)

"तर आता दोनच गोष्टी," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर दाब खरंच गेला, नाहीतर स्विच खोटं बोली राह्यना. बघू."

पहिलं काम, इंजिन थोडं थांबू देऊन ऑइलची पट्टी काढली. पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. काळं, पण होतं.

दुसरं काम, इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवायला सांगितली. दिवा लागला. त्यांनी स्विचची वायर उपटली. दिवा विझला. वायरचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. दिवा लागला. म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक, वायर मध्येच कुठे सोलून बॉडीला लागलेली नाही.

मी उत्साहाने म्हटलं, "म्हणजे वायर काढल्यावर दिवा विझला, म्हणजे स्विचच खराब ना?"

"नाही ताई. वायर काढली की दिवा विझणारच. इंजिन चांगलं असो की मेलेलं. ते तुमच्या चिकटपट्टीसारखंच झालं."

गप्प बसले.

तेवढ्यात त्यांनी वायरची टोपी मला दाखवली. आत ऑइल होतं. बोट लावलं तर चिकट. स्विचमधला पडदा फाटला की ऑइल असं विजेच्या बाजूला झिरपतं, ते म्हणाले. मला वाटलं, झालं, पुरावा मिळाला. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पाकिटाला हात घातला. पण मिस्त्री तिथेही थांबले नाहीत. "स्विच फुटलेला शे, हे खरं. पण स्विच फुटलेला असला म्हणून दाब चांगला शे असं कोणी सांगितलं? दोन्ही बी खराब राहू शकतं."

हे वाक्य मला त्या सबंध सकाळीत सगळ्यात जास्त लागलं. फोन करणारा मित्र, नेटवरचा तो कोणीतरी, मी, आम्ही सगळे एका उडीत 'सेन्सर खराब' पासून 'इंजिन ठीक' पर्यंत पोचलो होतो. मधली पायरी कोणी चढलंच नव्हतं.

ती पायरी म्हणजे एका जुन्या ट्रॅक्टरचा प्रेशर मीटर. गोल, काट्याचा, काचेला तडा गेलेला, मागे तांब्याची बारीक नळी. मिस्त्रींनी स्विच खोलून काढला, डब्यातले दोन निपल लावून बघितले, तिसऱ्याचे आटे जुळले. स्विचच्या जागी मीटरची नळी बसवली. यात ना वायर, ना बॅटरी. ऑइल सरळ मीटरमध्येच जातं आणि काटा हलवतं. खोटं बोलायला मध्ये कोणी नाही.

"चालू करा ताई."

माझा हात चावीवर होता आणि पोटात गोळा. अर्धी मिनिट उगाच आरसा नीट करत बसले. कारण आता उत्तर मिळणार होतं, आणि ते उत्तर 'इंजिनचं काम निघालं' असं असू शकत होतं. दोन महिने मी सेन्सर खराब आहे असं मानत नव्हते. मी फक्त उत्तर टाळत होते.

सुरू केली. काटा उठला. इंजिन गरमच होतं, तरी संथ चालीवर सव्वा किलोच्या आसपास. मिस्त्रींनी हाताने रेस दिली, काटा तीनच्या पुढे गेला. रेस सोडली, परत सव्वावर. पाच मिनिटं चालू ठेवलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकला, परत काटा बघितला. मग हात पुसले.

"इंजिन चांगलं शे. स्विच बदला, ऑइल बदला."

मी जवळजवळ ओरडलेच, "बघा बाबा! मी म्हटलं होतं ना, सेन्सर!"

बाबा शांतपणे म्हणाले, "उत्तर बरोबर, रीत चूक. आमच्या शाळेत असल्या गणिताला अर्धेच मार्क मिळायचे." मिस्त्री हसले. "काटा खाली बसला असता तर?" बाबांनी विचारलं. खाली बसला असता तर तिथेच इंजिन बंद, गाडी टेम्पोवर, आणि पंप, जाळी, बेअरिंग यांपैकी काय गेलंय ते बघायला खालची टाकी खोलायची. तशी गाडी मी दोन महिने सिंहगड रोडवर चालवली असती. हसत. स्मायली लावून.

नवा स्विच काही म्हसावदला मिळेना. जुना ऑइल गाळत होता, तो लावून गाडी हलवायला मिस्त्री तयार नव्हते. म्हणून गाडी तिथेच ठेवून मी आणि बाबा काळी-पिवळीत बसलो आणि परत शहाद्याला निघालो. मागच्या सीटवर आम्ही पाच जण, मांडीवर एका आजींची केळीची पिशवी. बाबा खिडकीतून जुन्या खुणा शोधत होते. मला अचानक ते दोन शब्द आठवले.

"बाबा, ते बीपीचं मशीन बोगस आहे म्हणालात ना काल?"

"हो, आहेच."

"कोणी तपासलं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग परत खिडकीबाहेर. बराच वेळ काही बोलले नाहीत. आजींनी पिशवी सावरली. शेवटी म्हणाले, "स्विच घेऊ आधी."

स्विच मिळाला, काही शे रुपयांत. स्पेअर पार्टच्या दुकानापासून चार पावलांवर एक दवाखाना होता. मी आत शिरले. बाबा बाहेर घुटमळले, पण आले. डॉक्टर तरुण, साधारण माझ्याच वयाचे. मी त्यांना सगळं सांगितलं, घड्याळातल्या सेलसकट. त्यांनी बाबांना रागावून बिगावून काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, "काका, मशीन चुकू शकतं. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा जास्त येतो. बोलत बोलत मोजलं, पाय दुमडून बसलात, नुकताच चहा घेतला, जिना चढून आलात, तरी वाढतो. तुमची शंका बरोबर आहे. म्हणून तर दुसऱ्या यंत्राने बघायचं."

पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद. (माझंही.) मग पट्टा बांधला, हाताने रबरी फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावला. टेबलावरचा मीटर बघून मला धक्काच बसला. गोल, काट्याचा. म्हसावदच्या मीटरचा शहरी भाऊ.

काटा हळूहळू खाली आला. एकशे चौसष्ट, अठ्ठ्याण्णव. दुसरा हात. दोन मिनिटं थांबून परत पहिला. थोडाफार फरक, पण आकडा तिथलाच.

म्हसावदला स्विच खोटं बोलत होता. शहाद्याला कळलं, की मशीन खरं बोलत होतं.

बाबा शर्टाची बाही खाली करत राहिले. बटण लागेना त्यांना. मी लावून दिलं. "पण मला काहीच होत नाहीये," ते म्हणाले, या वेळी जरा हळू. डॉक्टर म्हणाले, "काका, बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणूनच मोजावं लागतं." आजच्या आकड्यावर लगेच घाबरायचं कारण नाही, आज सातपुडा चढायचं मात्र राहू द्या, आणि घरी जाऊन तुमच्या डॉक्टरांना भेटाच, असं त्यांनी लिहून दिलं.

नंतर मी घरी बसून जरा वाचलं, सवयीप्रमाणे. काट्याचा तो प्रेशर मीटर युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये पेटंट केला. आत एक वाकवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. इतकी साधी कल्पना, पण तेव्हापासून वाफेच्या इंजिनांपासून गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरपर्यंत ती टिकून आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची पद्धत इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये आणली, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची युक्ती रशियाच्या कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये सांगितली. आणि एक गंमत. बाबांचे एकशे चौसष्ट मिलिमीटर गॅरेजच्या भाषेत केले तर पाव किलोसुद्धा भरत नाहीत! माझ्या इंजिनाला एवढ्या दाबावर लाल दिवा लागला असता, कारण कमी पडतोय. बाबांना तेवढाच दाब जास्त होत होता. म्हणजे नुसता आकडा काही सांगत नाही. तो कुठल्या यंत्राने, कशावर, कसा मोजला, हे धरूनच त्याचा अर्थ लागतो.

दुपारी परत म्हसावदला. मिस्त्रींनी नवा स्विच बसवला. मी फार शहाणपणाने विचारलं, "गळू नये म्हणून पांढरी टेप नाही गुंडाळायची?" नळाला गुंडाळतात ती. त्यांनी मान हलवली. या स्विचला अर्थ मिळतो तो आट्यांमधूनच. जाडजूड टेप गुंडाळली तर तोच तुटायचा, आणि मग दिवा कधीच लागणार नाही. "लागलेला दिवा बरा ताई," ते म्हणाले. "जो कधीच लागत नाही ना, तो वाईट."

चावी फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू केलं. दिवा विझला. अल्लादिन परत कामावर हजर!

पैसे विचारले तर त्यांनी इतके कमी सांगितले, की बाबांनी अहिराणीत वाद घातला. शेवटी चहावर तोडगा निघाला. तोरणमाळला आम्ही गेलो नाही. म्हसावदहून सातपुडा बघितला आणि गाडी वळवली. त्या पुरवणीच्या एडिटरना फोन करून लेख पुढे ढकलला. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुण्यात आमच्या डॉक्टरांनी बाबांना घरचं मशीन घेऊन बोलावलं आणि त्यांच्या यंत्राशेजारी ठेवून पडताळलं. फरक किरकोळ निघाला. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंदी. बाबांनी त्या बँकेच्या लेजरसारख्या ठेवल्या, तारीख, वेळ, हात, सही. गोळी सुरू झाली. आकडे खाली येतायत, सावकाश.

आता तुम्ही म्हणाल, एका स्विचवरून केवढं पुराण! पण जरा आठवून बघा. बँकेच्या ॲपवरचं न उघडलेलं नोटिफिकेशन, ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेला ब्लड रिपोर्ट, तीन महिने 'नंतर बोलू' म्हणून ठेवलेला कोणाचा तरी मेसेज. आपण सगळेच कुठे ना कुठे स्मायली लावून गाडी चालवतोय. प्रत्येक लाल दिवा खरा असतो असं मी म्हणत नाही. माझा खोटाच निघाला. पण तो खोटा आहे, हे ठरवायचा हक्क मला काटा बघितल्यावर मिळाला, त्याआधी नाही. आधी थांबायचं, मग तपासायचं, मग हवं तर हसायचं. क्रम तेवढा सांभाळायचा.

हल्ली चावी फिरवल्यावर मी दोन सेकंद थांबते. दिवा लागतो ना, बघते. मग सुरू करते.

आणि हो, हॉलमधलं घड्याळ सध्या बंद आहे. सव्वादहावर. सेल मशीनमध्ये परत गेलेत आणि नवे आणायला कोणालाच वेळ नाही. म्हणजे, खरं सांगायचं तर, वेळ आहे. पण आई म्हणते, राहू दे तसंच थोडे दिवस.